मध्यशतकी फर्निचरचे प्रदर्शन : खुर्च्या खालून पाहताना

चौकट

गेल्या आठवड्यात मिडसेंच्युरी मॉडर्न फर्निचरचे आणि घरगुती वस्तूंच्या डिझाइनचे एक फिरते प्रदर्शन पाहण्याचा योग आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू होऊन साठच्या दशकापर्यंत चाललेली, मुख्यत्वे अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातली ही शैली आहे. तिचे आज प्रचलित असलेले नाव मात्र त्या काळातले नव्हे. ते १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाच्या शीर्षकामुळे रूढ झाले. ज्यांनी या खुर्च्या घडवल्या त्यांना आपण ‘मिडसेंच्युरी’ असे काही करत आहोत याची गंधवार्ताही नव्हती, एवढे लक्षात ठेवून दालनात शिरावे.

पहिला अर्धा तास मी वाया घालवला, हे आधीच कबूल करतो. प्रत्येक खुर्ची गुडघाभर उंचीच्या चबुतऱ्यावर, वरून प्रकाशझोत, पुढे ‘कृपया बसू नये’ अशी पाटी आणि बाजूला नाव, साल व साहित्य सांगणारी चार ओळींची चिठ्ठी. मी एकेका खुर्चीसमोर उभा राहायचो, चिठ्ठी वाचायचो, ‘छान आहे’ असे मनाशी म्हणायचो आणि पुढे सरकायचो. बसण्यासाठी केलेल्या वस्तू अशा ओळीने नुसत्या पाहत जाणे म्हणजे स्वयंपाकघरातल्या वासावर जेवण उरकण्यासारखे आहे.

मग हातातली पेन्सिल निसटली आणि घरंगळत एका ठेंगण्या प्लायवूडच्या खुर्चीपाशी थांबली. ती उचलायला वाकलो, सहज मान वर केली आणि खुर्चीची बैठक खालून दिसली. बैठक आणि कण्यासारखी वाकवलेली मधली पट्टी यांच्यामध्ये काळ्या रबराच्या जाड चकत्या होत्या. वरून पाहताना बैठकीवर किंवा पाठीवर एकाही स्क्रूचे डोके दिसले नव्हते, त्याचे कारण हे होते. चकती लाकडाला चिकटवलेली असते आणि स्क्रू लाकडात न जाता त्या रबरात बसवलेल्या धातूच्या तुकड्यात जातो. त्यामुळे लाकडाला भोक पडत नाही आणि माणूस रेलला की पाठ किंचित मागे झुकते. ही चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची एलसीडब्ल्यू (‘लाउंज चेअर वूड’), युद्ध संपता संपता आकाराला आलेली खुर्ची. १९९९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला शतकातले सर्वोत्तम डिझाइन ठरवले होते.

या रबरी चकतीमागची हकिगत मला त्या खुर्चीच्या आकाराहून अधिक रंजक वाटते. १९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरगुती फर्निचरची स्पर्धा जाहीर केली, तिच्यात चार्ल्स ईम्स आणि त्याचा वास्तुविशारद मित्र एरो सारिनेन या दोघांनी मिळून बक्षिसे पटकावली. त्यांची कल्पना अशी होती की बैठक, पाठ आणि हात हे सगळे प्लायवूडच्या एकाच वळणदार कवचातून निघावे. कागदावर ते सुरेख होते. पण प्लायवूडचा पत्रा एका दिशेने सुखाने वाकतो, एकाच वेळी दोन दिशांना वाकवू गेले की तीव्र वळणावर तडकतो. बक्षीसपात्र खुर्च्यांचे ते तडे शेवटी कापडाखाली झाकावे लागले आणि कारखान्यात त्या खुर्च्या घाऊक प्रमाणात करणे काही जमले नाही.

ईम्स दांपत्य १९४१ साली लॉस एंजेलिसला गेले आणि राहत्या घरातच त्यांनी प्लायवूड वाकवण्याचे यंत्र जुळवले. प्लास्टरचा साचा, तो तापवणाऱ्या विजेच्या तारा आणि लाकडाचे थर साच्यावर दाबून धरणारा, सायकलच्या पंपाने फुगवायचा रबरी फुगा. त्या यंत्रातून आधी खुर्ची बाहेर आली नाही. बाहेर आली ती जखमी नौसैनिकांच्या पायाला बांधायची प्लायवूडची खपाची, म्हणजे स्प्लिंट. अमेरिकी नौदलासाठी तशा सुमारे दीड लाख खपाच्या तयार झाल्या. प्रदर्शनात त्यांपैकी एक भिंतीवर लावलेली आहे आणि पुष्कळ लोक तिला शिल्प समजून तिचे छायाचित्र काढत होते. तिच्यातल्या लांबट फटी नीट पाहाव्यात. त्यांतून बांधायची पट्टी ओवता येते, शिवाय जिथे लाकूड तडकले असते नेमके तिथलेच लाकूड काढून टाकल्याने ताणही सुटतो. खुर्ची करताना त्यांनी हाच विचार पुढे नेला. एकसंध कवचाचा हट्ट सोडला, बैठक वेगळी केली, पाठ वेगळी केली, पायांच्या दोन कमानी आणि एक कणा असे पाच तुकडे केले आणि ते रबराने सांधले. ज्या खुर्चीला आपण सहजसुंदर म्हणतो ती मुळात एका फसलेल्या प्रयत्नातून काढलेली वाट आहे.

त्यानंतर सबंध प्रदर्शन मी गुडघ्यांवर बसत-उठत पाहिले. तिथल्या रखवालदाराने दोनदा जवळ येऊन चौकशी केली. तिसऱ्या वेळी मात्र तोच म्हणाला की पलीकडची डॅनिश खुर्ची मागून पाहा. ती हान्स वेग्नरची १९४९ची ‘राउंड चेअर’ होती. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत हीच खुर्ची वापरली गेली, त्यामुळे तिची छायाचित्रे आपण कळत-नकळत पाहिलेली असतात. तिच्या पाठीची आणि हातांची मिळून एकच कमान दिसते, पण ती एका लाकडाची नाही. तुकडे जोडून, मग कोरून घडवलेली आहे. सुरुवातीच्या खुर्च्यांमध्ये वेग्नरने पाठीवर वेत गुंडाळून हे जोड झाकले होते. लवकरच त्याचे मत बदलले. एकमेकांत गुंतवलेल्या बोटांसारखा नागमोडी सांधा करून त्याने तो उघडाच ठेवला, आणि आज लोक त्या खुर्चीत सर्वांत आधी पाहतात तो हा सांधाच.

याच्या अगदी उलट टोकाला सारिनेनची १९५७ सालची ट्यूलिप खुर्ची आहे. टेबल-खुर्च्यांखालच्या पायांच्या गर्दीची त्याला चीड होती, म्हणून त्याने चार पायांऐवजी एकच दांडा ठेवला. सगळी खुर्ची एकाच पदार्थाची असावी ही त्याची इच्छा होती. पण त्या काळच्या प्लास्टिकला तेवढा बारीक दांडा पेलवेना, म्हणून दांडा अॅल्युमिनियमचा, बैठक फायबरग्लासची, म्हणजे काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची, आणि दोन्हींवर एकसारखा पांढरा लेप असा मार्ग काढावा लागला. म्हणजे एकाने सांधा मिरवला आणि दुसऱ्याने तो रंगाखाली दडवला. वैयक्तिक मत विचाराल तर मी वेग्नरच्या बाजूने आहे, पण सारिनेनची तडफडही समजू शकतो.

माझी तक्रार एकच आहे. चिठ्ठ्यांमध्ये साल होते, लाकडाचे नाव होते, पण तुकडे एकमेकांना धरून कसे राहिले आहेत याबद्दल एक अक्षर नव्हते. चबुतऱ्यावर एखादा आरसा आडवा ठेवला असता तरी काम भागले असते. ज्यांनी अशी प्रदर्शने पाहिली आहेत किंवा या वस्तू हाताळल्या आहेत त्यांनी अवश्य लिहावे.

अनामवृत्त

वर्णन आवडले. पुढच्या आठवड्यात दोन मुलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. एकाही खुर्चीवर बसता येत नाही का? आणि पाहायला साधारण किती वेळ लागतो?

चौकट

अनामवृत्त, शेवटच्या दालनात सध्या उत्पादनात असलेल्या सहा-सात खुर्च्या बसून पाहण्यासाठी ठेवल्या आहेत, तेव्हा मुलांची निराशा होणार नाही. खरे तर तिथूनच सुरुवात करावी आणि मग उलट्या क्रमाने पाहत यावे, असे मी सुचवीन. आधी अंगाला खुर्ची कळलेली असली की चबुतऱ्यावरची तिची जुनी बहीण वेगळी दिसते. दोन तास पुरतात. गुडघे दुखत नसतील तर तीन.

रंधा

चौकट, आपण ज्या रबरी चकत्यांचे इतके कौतुक केले आहे त्यांनी माझ्यासारख्यांचे पोट भरते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुने फर्निचर दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे.

त्या चकतीची कल्पना उत्तम होती, पण रबर म्हातारे होते. काही दशकांनी ते कडक पडते, त्याची लवचीकता जाते आणि लाकडाशी असलेली पकड सुटू लागते. एलसीडब्ल्यूमध्ये हे घडले तर पाठ सुटते आणि माणूस दचकून उठतो, फार तर व्हिनियरचा, म्हणजे वरच्या पातळ लाकडी थराचा, पापुद्रा निघतो. ईम्स यांच्याच १९५६ सालच्या लाउंज चेअरमध्ये, म्हणजे चामडी उशांच्या आरामखुर्चीत, मात्र प्रकरण गंभीर होते, कारण तिथे पाठीचा खालचा भाग हातांच्या आत लपलेल्या अशाच चकत्यांवर तोललेला असतो. एका बाजूची चकती सुटली की सगळा भार दुसऱ्या बाजूवर येतो, आणि ती बाजू नुसती सुटत नाही, तर आपल्यासोबत लाकडाचा लचका घेऊन जाते.

माझ्याकडे अशी एक खुर्ची आली होती. घेणाऱ्याला ती ‘पूर्णपणे दुरुस्त केलेली’ म्हणून विकण्यात आली होती. उशी काढून पाहिले तर कोणा महाभागाने सुटलेल्या चकतीच्या जागी लाकडातून आरपार चार स्क्रू मारले होते आणि त्यांची डोकी लाकडी भुशाच्या लांबीने बुजवून वर पॉलिश केले होते. ज्या खुर्चीची सगळी बुद्धी लाकडाला भोक न पाडण्यात होती तिला चार भोके पाडून दिली होती. पाठ लवत नव्हती, त्यामुळे ताण स्क्रूभोवती साचला आणि थर एकमेकांपासून सुटू लागले. मी ते थर पुन्हा चिकटवले, भोके त्याच रेषांच्या लाकडाने बुजवली आणि नव्या चकत्या इपॉक्सीने बसवल्या. पण भोके बुजवली तरी ती होती हे जाणत्या डोळ्याला दिसतेच. जुनी लाउंज चेअर घ्यायला निघालेल्यांनी चामडे नंतर पाहावे, आधी उशा काढाव्यात, दिवा घेऊन हातांच्या आतली बाजू पाहावी आणि पाठीच्या कवचावर बुजवलेल्या भोकांच्या खुणा आहेत का ते बोटाने चाचपावे.

लाकडाविषयीही एक गोष्ट. पहिल्या लाउंज चेअर ब्राझिलियन रोझवूडच्या व्हिनियरमध्ये येत. १९९२ साली त्या झाडाला आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात सर्वांत कडक संरक्षण मिळाले आणि नंतरच्या खुर्च्या अक्रोड, चेरी वगैरे लाकडांत आल्या. आता तसे जुने रोझवूड देशाबाहेर न्यायचे झाले तर कागदपत्रांचा खटाटोप असतो. फिरत्या प्रदर्शनांतही ही बाब आयोजकांना सांभाळावी लागते.

पडवी

दोघांचेही लेखन माहितीपूर्ण आहे, पण माझा सूर थोडा वेगळा आहे. ही सगळी मंडळी ‘जास्तीत जास्त लोकांना, कमीत कमी खर्चात, उत्तमात उत्तम’ अशी भाषा बोलत होती. १९४८ साली त्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली, म्हणजे हेतू उघडच होता. मग आज ह्याच वस्तू लिलावांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत का दिसतात? आरसा नव्हता याचे चौकट यांना वाईट वाटले. मला मात्र तो चबुतराच खटकतो. कॅन्टीनसाठी केलेली खुर्ची देव्हाऱ्यात बसवल्यासारखी ठेवली की तिचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

शिल्परेखा

पडवी, आपला आक्षेप अर्धा मान्य आहे. ‘कमीत कमी खर्च’ हे ब्रीद सगळ्या वस्तूंना सारखे लागू नव्हते. लाउंज चेअर जन्मापासूनच महागडी होती. ती कोणी गरिबांसाठी केली असल्याचा दावा नाही. वेग्नरच्या राउंड चेअरचे उत्पादनही सुतारांच्या कार्यशाळेत होत असे, कारखान्याच्या पट्ट्यावर नव्हे. मात्र त्याच काळात डेन्मार्कमध्ये बोर्ग मोगेनसेनने सहकारी ग्राहक संस्थेसाठी १९४७ साली केलेली जे-३९ ही साधी, कागदी दोरीने विणलेल्या बैठकीची खुर्ची खरोखरच सामान्य घरांत पोहोचली. कागदी दोरी हीसुद्धा टंचाईची देणगी आहे. युद्धकाळात बैठकी विणायचे समुद्री गवत मिळेना, तेव्हा कागद पिळून दोरी करण्यात आली आणि युद्ध संपल्यावर लोकांना तीच आवडू लागली. वेग्नरच्या ‘विशबोन’ खुर्चीच्या एका बैठकीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते आणि ती आजही हाताने विणतात.

आपण ज्या १९४८ सालच्या स्पर्धेचा उल्लेख केला तिची कथाही बोलकी आहे. ईम्स यांच्या चमूने तिथे धातूच्या पत्र्याची, मोटारीच्या भागांसारखी दाबून काढलेली खुर्ची मांडली होती आणि तिला दुसरे बक्षीस विभागून मिळाले. पत्रा महाग पडत होता आणि अंगाला गार लागत होता. युद्धात विमानांसाठी वापरलेले फायबरग्लास तोवर हाताशी आले होते, म्हणून १९५० साली तोच आकार त्यात उतरवला गेला. अगदी पहिल्या तुकडीतल्या खुर्च्यांच्या कडेत मजबुतीसाठी दोरी घातलेली आहे. प्रदर्शनात अशी खुर्ची असेल तर तिची कड तिरप्या उजेडात पाहा, आतल्या दोरीचा पीळ जाणवतो. जी एकसंध कवचाची खुर्ची प्लायवूडमध्ये साधली नव्हती ती दहा वर्षांनी प्लास्टिकमध्ये साधली, असा हा प्रवास आहे. शाळा, प्रतीक्षालये, सभागृहे अशा ठिकाणी ती खरोखरच हजारोंनी गेली. पुढे पर्यावरणाच्या कारणावरून जुन्या पद्धतीचे फायबरग्लास बंद होऊन तिथे पॉलिप्रोपिलीन हे दुसरे प्लास्टिक आले.

माझी तक्रार वेगळीच आहे, ती चिठ्ठीवरच्या नावांची. १९४६ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या प्लायवूडच्या फर्निचरचे प्रदर्शन भरले तेव्हा ते एकट्या चार्ल्सच्या नावाने भरले. रे ईम्स ही प्रशिक्षित चित्रकार. साच्यावर लाकूड दाबताना ती बरोबरीने होती. १९५६ साली लाउंज चेअर दूरचित्रवाणीवर सादर झाली तेव्हाही निवेदिकेने तिची ओळख नवऱ्याला मदत करणारी पत्नी अशाच थाटात करून दिली. डिझायनर जॉर्ज नेल्सनच्या नावाने ओळखला जाणारा, रंगीत गोल उशांचा १९५६ सालचा मार्शमॅलो सोफा त्याच्या कार्यालयातल्या अर्व्हिंग हार्परने रेखला होता. फ्लॉरेन्स नोल यांनी तर दुसऱ्यांच्या खुर्च्यांच्या आजूबाजूला लागणारी टेबले, कपाटे आणि सोफे केले आणि आपण ‘मधल्या जागा भरणाऱ्या’ वस्तू करतो असे त्या म्हणत. पण बड्या कार्यालयांच्या अंतर्रचनेचा नकाशा त्यांच्या नियोजन विभागानेच बदलला. तुम्ही पाहिलेल्या चिठ्ठ्यांवर यांच्यापैकी कोणकोणाची नावे होती?

चौकट

शिल्परेखाताई, ईम्स खुर्च्यांवर दोघांची नावे होती. मार्शमॅलो सोफ्याच्या चिठ्ठीवर नेल्सनचे कार्यालय आणि कंसात हार्पर असे होते. फ्लॉरेन्स नोल यांचा एक सोफा होता खरा, पण तो मी बहुधा न पाहताच ओलांडला. ‘मधल्या जागा भरणारा’ म्हणण्यात त्यांची काही चूक नव्हती म्हणायची.

पडवी, चबुतऱ्याविषयी आपण म्हणता ते मला तिथे डॅनिश वास्तुविशारद आर्ने जेकबसनच्या ‘मुंगी’ खुर्चीपाशी जाणवले. १९५२ साली डेन्मार्कमधल्या एका औषध कंपनीच्या कॅन्टीनसाठी ती केली होती: तीन बारीक पाय, बैठक आणि पाठ प्लायवूडच्या एकाच तुकड्यात. म्हणजे ईम्स यांनी जो हट्ट सोडला तो जेकबसनने पुढे नेला, पण किंमत मोजून. ज्या ठिकाणी बैठक वळून पाठ होते तिथे लाकूड दोन दिशांना ताणले जाते, म्हणून तिथली कंबर त्याने इतकी बारीक कापली की खुर्ची मुंगीसारखी दिसू लागली. लोक तिला लाडिक आकार म्हणतात. तो आकार प्लायवूडच्या तक्रारीतून आलेला आहे. चौथा पाय द्यायला त्याने ठाम नकार दिला होता आणि तो त्याच्या मृत्यूनंतरच आला. तीन पायांवर बसून बाजूला झुकलेल्या माणसाची अवस्था काय होत असेल, हे मात्र चबुतऱ्यावरून कळत नाही, एवढा मुद्दा आपला.

रंधा

पडवी यांच्या चबुतऱ्यावरील रागाला उत्तर द्यायचे आहे. ‘हात लावू नये’ ही पाटी नुसती मिजास नाही. या काळातल्या वस्तूंमध्ये प्लायवूड, रबर, फायबरग्लास, फोम असे पदार्थ पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणात आले आणि ते किती टिकतात हे करणाऱ्यांनाही माहीत नव्हते. शंभर वर्षांचे सागवानी कपाट पुसून, तेल लावून पुन्हा उभे करता येते. पन्नास वर्षांचा पॉलियुरेथेन फोम बोट लावताच पिठासारखा झडतो. जुन्या सोफ्याची शिवण उसवली आणि आतून तपकिरी भुगा सांडला, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूळ कापड असेल तर दिव्याचा उजेडही जपून द्यावा लागतो. संग्रहालये अशा कापडावर सर्वसाधारणपणे ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, त्यामुळे दालन अंधारलेले वाटते.

व्हर्नर पँटनच्या नागमोडी प्लास्टिक खुर्चीचे उदाहरण घ्या. एकाही सांध्याशिवाय, एकाच तुकड्याची, म्हणजे सारिनेनला जे हवे होते नेमके तेच. तिचे उत्पादन १९६७ साली सुरू झाले. सत्तरच्या दशकात तिच्यासाठी वापरलेले प्लास्टिक काही वर्षांनी ठिसूळ होऊन तडकू लागले आणि १९७९ साली उत्पादन थांबवावे लागले. पुढे पदार्थ बदलून ती परत आली. सांधा काढून टाकला की दुरुस्तीची जागाही निघून जाते. वेग्नरच्या खुर्चीचा सांधा ढिला झाला तर मी तो उकलून पुन्हा बसवू शकतो. पँटनची खुर्ची तडकली तर माझ्या हातात काही नाही.

पडवी

रंधा, हे पटले. पण मग एक प्रश्न उरतो. जी वस्तू वापरून झिजण्यासाठी केली तिची झीज थांबवून आपण नेमके काय जपतो?

शिल्परेखा

याला चंदीगडच्या खुर्च्यांइतके नेमके उदाहरण दुसरे नसेल. त्या शहराची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ आणि सहकारी पिएर झानरे १९५१ ते १९६५ या काळात तिथे राहिला आणि त्याच्या देखरेखीखाली कचेऱ्या, ग्रंथालये, न्यायालये, वसतिगृहे यांच्यासाठी सागवान आणि वेत यांचे फर्निचर तयार झाले. त्याच्या चमूतील वास्तुविशारद यूली चौधरी यांचाही त्या रचनांत वाटा होता. उलट्या व्हीसारखे दिसणारे ते पाय ओळखीचे आहेत. ते काम एका कारखान्यात झाले नाही, वेगवेगळ्या कार्यशाळांतल्या सुतारांनी ते हाताने केले, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांच्या मापांत फरक सापडतो. काही दशके वापरून झाल्यावर त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, भंगार म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशी विक्रेत्यांनी त्या विकत घेऊन, नवे वेत आणि नवे पॉलिश देऊन युरोप-अमेरिकेच्या लिलावांत मांडल्या. २०११ साली केंद्र सरकारने अशा वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध घातले. कित्येक खुर्च्यांवर कचेरीचे नाव आणि क्रमांक रंगवलेले असत. काहींनी ते खरवडून टाकले; पुढे तेच अस्सलपणाचा पुरावा ठरू लागले तेव्हा ते जपले जाऊ लागले. पडवी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, पण त्या रंगवलेल्या क्रमांकासाठी मी चबुतरा सहन करीन.

आणि वापराचाच विचार करायचा तर ईम्स दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातील लोट्याचा भाग आठवतो. आदर्श वस्तू म्हणून त्यांनी आपली खुर्ची पुढे केली नाही, लोटा पुढे केला. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा तोलला जाईल, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे असेल, हातावरून पाणी कसे ओतले जाईल, तो कसा घासला जाईल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली स्थापन झाली तिच्या मुळाशी हा अहवाल आहे. रबरी चकती करणारा माणूस लोट्याकडे असाच पाहणार, हे चौकट यांच्या लेखानंतर मला अधिक स्पष्ट झाले.

अनामवृत्त

काल मुलांना घेऊन जाऊन आलो. सांगितल्याप्रमाणे शेवटच्या दालनातून सुरुवात केली. धाकटीने पँटनच्या खुर्चीत बसून पाहिले आणि ती घसरगुंडी असल्याचे जाहीर केले. थोरल्याने वर सांगितलेल्या गोष्टींची यादीच करून नेली होती. प्रत्येक चबुतऱ्यापाशी वाकून ‘इथे रबर आहे’, ‘इथे नाही’ असे तो मोठ्याने सांगत होता. फायबरग्लासच्या एका खुर्चीच्या कडेत दोरी सापडली. बोटाने दाखवताना तो फारच जवळ गेला आणि आम्हाला समज मिळाली, तीही अगदी सौम्य.

चौकट

अनामवृत्त, तो रखवालदार आता सरावला असावा.

मीही पुन्हा जाऊन आलो, फक्त ट्यूलिप खुर्चीसाठी. रंधा यांनी पँटनच्या खुर्चीविषयी लिहिले तेव्हापासून मनात होते की सारिनेनचा दडवलेला सांधा एकदा शोधावा. समोरून काहीच दिसत नाही. दांड्याचा पांढरा रंग आणि बैठकीचा पांढरा रंग एकमेकांत मिसळून गेले आहेत. खाली बसून, दिवा मागे येईल अशा बेताने मान कलती केल्यावर तो सापडला. अॅल्युमिनियम जिथे संपते आणि फायबरग्लास सुरू होते तिथे लेपावर केसाएवढी गोल रेघ उमटली आहे आणि तिच्या एका बाजूचा पांढरा दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळा पडला आहे.